बाळासाठी वारशाचं नाव हवंय? आधी घरातली माणसं शोधा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा सिन्नरचा, बायको मडगावची, दोघंही नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला. पहिलं बाळ दोन महिन्यांत येणार आहे. नावात आपला वारसा दिसावा, अर्थ चांगला असावा आणि तिथल्या लोकांना ते म्हणताही यावं, अशी दोघांची इच्छा आहे. नवऱ्याचे पणजोबा धोंडीराम, पणजी गोदावरी, बायकोची आजी शांता. सासूबाईंना पत्रिकेतलं अक्षर सोडायचं नाही. याद्यांमधली नावं कानाला गोड लागतात, पण आपली वाटत नाहीत. मग नाव निवडायचं कसं?

मी कुळवृत्तांतांचं काम करते. वंशावळी जुळवायच्या, जुन्या नोंदी वाचायच्या, घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं लिहून घ्यायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे डोहाळजेवण झालं की "काही छान जुनं नाव सुचवा ना" असे फोन मला येतातच. मी नाव सुचवत नाही. ते शोधायचं कसं, एवढं सांगते. खाली तेच सविस्तर लिहिलंय.

तुम्ही "अर्थपूर्ण" आणि "वारशाचं" हे दोन्ही शब्द एकाच दमात वापरलेत. माझ्या मते अडचण तिथेच आहे. कोशातला अर्थ सगळ्यांना सारखाच मिळतो. वारसा मात्र ते नाव आधी कोणी धारण केलं आणि त्या माणसाला ते का मिळालं, यातून येतो, आणि तो कुठल्याही यादीत सापडायचा नाही. याद्यांमधले अर्थही जपूनच घ्या. 'कियांश', 'रेयांश' ही अलीकडे 'अंश' जोडून तयार झालेली नावं आहेत. त्यांच्यापुढे छापलेला 'सूर्याचा किरण' वगैरे अर्थ आपट्यांच्या संस्कृत कोशात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. कोणी हौसेनं असं नाव ठेवलं असेल तर त्यात काहीही वावगं नाही. पण तुम्हाला वारसा हवाय, म्हणून तुमचा शोध दुसऱ्या टोकापासून सुरू व्हायला हवा. आधी माणूस, मग त्याचं नाव, आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

गोदावरीबाईंपासून सुरुवात करू. माझा पहिला प्रश्न असा: गोदावरी हे त्यांचं सासरचं नाव की माहेरचं? आपल्याकडे लग्नात नवऱ्यामुलानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत परवापरवापर्यंत घरोघरी होती. त्यामुळे पणजीचं म्हणून जे नाव आपल्याला ठाऊक असतं ते पुष्कळदा तिच्या सासरच्यांनी निवडलेलं असतं. तिच्या आईवडिलांनी पाळण्यात ठेवलेलं नाव दोन पिढ्यांत पुसलं जातं. भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. ही माणसं थोर म्हणून त्यांची माहेरची नावं टिकली. तुमच्या-माझ्या घरातल्या बायकांची टिकलेली नाहीत. अनेक जुन्या वंशावळींत तर मुलींची ओळच नसते, आणि सुनांच्या नावापुढे फक्त माहेरचं आडनाव असतं.

म्हणून मुलीसाठी वारशाचं नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की पणजीचं माहेरचं नाव मिळतंय का ते आधी बघा. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या बारशांमध्ये मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं नाव असंच मिळालं होतं. साताऱ्याकडच्या एका घरात पणजीला सगळे 'लक्ष्मी' म्हणून ओळखत. तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं सांगितलं की ती माहेरची 'कृष्णा', कारण माहेर नदीकाठी वाईला. पणतीचं नाव कृष्णा ठेवलं. शंभरेक वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं ते नाव पुन्हा घरात आलं.

हे शोधायचं कुठे? आधी जिवंत माणसांकडे, मग कागदात. माणसांकडे जाताना "पणजीचं नाव काय?" असं विचारू नका. उत्तर 'गोदावरी'च येईल. "तिला माहेरची माणसं काय हाक मारायची?" असं विचारा. तिच्या भावांची नावं विचारा, कारण भाऊ आठवले की त्यांच्या तोंडी असलेली हाकही आठवते. पणजीच्या सासरच्यांपेक्षा तिच्या माहेरच्या भाचरांकडे ही माहिती असण्याची शक्यता जास्त.

कागदांत पहिलं बघायचं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४. गावातल्या जन्ममृत्यूची ही जुनी नोंदवही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. जातपडताळणीसाठी लोक हिच्या नकला सतत काढतात, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना अर्ज नवा नसतो. तिच्यात बापाचं नाव नेमानं मिळतं, बाळाचं असेलच असं नाही. पण 'मुलगी' एवढीच नोंद असली तरी जन्मतारीख हाती येते. दुसरी जागा शाळेचं जनरल रजिस्टर. पणजी शाळेत गेली नसेल, तिचे भाऊ गेले असतील. तिसरी, जमिनीचे फेरफार. वारसनोंद करताना मुलीबाळींसकट नावं लिहिलेली असतात, आणि बहिणींनी हक्कसोड केलं असेल तर त्यांची नावंही. सिन्नरचं घर म्हणजे त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघता येतील. घरातलं कोणी तीर्थविधीला गेलं असेल तर आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावर त्यांच्याकडे पिढ्यांच्या सह्या निघतात. या वह्यांत पुरुषांची नावं जास्त असतात. ज्यांनी आईचं श्राद्ध केलं त्यांच्या नोंदीत मात्र बायकांचीही मिळतात.

दोन महिन्यांत हे सगळं होईल असं नाही. माहेरचं नाव नाहीच मिळालं तर गोदावरी हे काही कमी प्रतीचं नाव नव्हे. ती बाई ते नाव घेऊन आयुष्यभर जगली. सिन्नरच्या घरासाठी ती आपल्याच मुलखातली नदी. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी गौतम ऋषींच्या कथेवरून गौतमी म्हणूनही ओळखली जाते. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्री हे नाव कोरलेलं आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू पुळुमावीच्या राज्यात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिनं भिक्षूंना लेणं दान दिलं, त्याची ही नोंद. तिच्या नावातलं गौतमी गोत्रावरून आलंय, नदीवरून नव्हे. तरी नाशिकच्या मुलखात हे नाव किती जुनं आहे, ते यावरून कळतं. म्हणजे 'गोदावरी' जसंच्या तसं ठेवता येईल, 'गोदा' असं सुटसुटीत करता येईल, किंवा नदी तीच ठेवून 'गौतमी' म्हणता येईल. मला तिन्ही आवडतात. पण आइंडहोव्हनमध्ये ग या अक्षराची एक अडचण आहे, त्याकडे पुढे येते.

आता धोंडीराम. तुम्ही लिहिलंय की "हे नाव अर्थातच ठेवता येणार नाही". घाई करू नका. आधी त्यांना ते नाव का मिळालं ते विचारा. आपल्याकडे धोंडू, धोंडीराम, दगडू, केरू ही नावं ठेवण्यामागे प्रामुख्यानं दोन कारणं दिसतात. एक म्हणजे बाळ अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेलं. दुसरं म्हणजे आधीची मुलं गेलेली, म्हणून यमाची किंवा कोणाचीही नजर पडू नये अशा नावाच्या आड हे मूल लपवलेलं. दुसऱ्या कारणाची नावं नोंदींत दिसली की मी त्या पानावर थांबते. आदल्या ओळींत बहुतेक वेळा लहानग्यांचे मृत्यू सापडतात. ज्या नावाला आपण आज ओबडधोबड म्हणतो, ते एखाद्या आईबापांनी सगळा जीव एकवटून ठेवलेलं असतं. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो केशव. १८९३ साली त्यांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, ज्यांना पुढे सगळे बाया कर्वे म्हणू लागले. १९५८ साली भारतरत्न मिळालं तेही धोंडो याच नावाला. तुमच्या घरातली धोंडीराम-गोदावरी ही जोडी बघून मला आधी तेच आठवलं.

तरीही आज मुलाला धोंडीराम म्हणा, असं मी सांगणार नाही. त्या नावामागचं कारण मात्र पुढे नेता येतं. पणजोबा अधिक महिन्यातले असतील तर त्या महिन्याला पुरुषोत्तम मास म्हणतात; 'पुरुषोत्तम' हे त्याच घटनेचं दुसरं नाव झालं. नवसाचे असतील तर नवस कोणत्या देवाला होता ते शोधा. खंडोबा असेल तर मल्हार, मार्तंड. ज्योतिबा असेल तर केदार. विठोबा असेल तर पांडुरंग, पंढरी. 'मल्हार' सध्या सगळीकडे ऐकू येतं म्हणून टाळू नका. शेजारच्या मल्हारचं नाव ऐकायला छान म्हणून ठेवलेलं असेल, तुमच्याकडे त्यामागे पणजोबांचा जन्म असेल.

सगळीच जुनी नावं पुढे न्यायची नसतात, हेही सांगायला हवं. नोंदींत 'नकुशा' दिसलं तर ते तिथेच राहू द्या. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात या नावाच्या मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली गेली, ते योग्यच झालं. ज्या माणसाच्या नावानं घरात अजून कोणाला तरी त्रास होतो, तेही नको. नाव ठरवण्याआधी त्या पिढीतल्या एकदोघांना विचारून घ्या. कधी कधी एखादी आत्या गप्प राहते. तिला त्या गप्प राहण्याचं कारण खासगीत विचारा.

शांताआजींचं नाव मला या तिन्हींत सगळ्यात तयार वाटतं. मडगावकडच्या घरात शांता हे नाव बहुतेक कवळ्याच्या शांतादुर्गेवरून आलेलं असणार. घरच्यांना विचारून खात्री करा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा ही देवी केळशीहून कवळ्याला नेली गेली. मंगेशही असाच कुठ्ठाळीहून आज आपण ज्याला मंगेशी म्हणतो तिथे आला. देवाला घेऊन नदी ओलांडणाऱ्या माणसांनी तीच नावं आपल्या मुलाबाळांना ठेवली आणि ती चारशे वर्षं टिकवली. घर सोडून दूर गेलेल्या तुमच्यासारख्यांच्या बाळाला हे नाव शोभेल असं मला मनापासून वाटतं. शिवाय ते आईच्या बाजूचं आहे. वारसा म्हटलं की आपोआप वडिलांच्या घराण्याकडे बघायचं, ही सवय मोडायला हवी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे. तुमच्या बाळाच्या डच कागदांना तो लागू नाही, पण घरात आजेसासऱ्यांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडेल.

सासूबाईंच्या अक्षराचं काय? त्यांचं मन मोडू नका आणि नावही अडवू नका. परंपरेनंच त्याची सोय केलेली आहे. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात नामकरणाच्या वेळी चार प्रकारची नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. पत्रिकेतलं अक्षर नाक्षत्रनामासाठी असतं. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. त्यांत आर्द्रा नक्षत्राला ङ येतो, हस्ताला ण, उत्तराभाद्रपदाला ञ. या अक्षरांनी सुरू होणारं हाकेचं नाव मराठीत कोणाचं ऐकलंय का? म्हणजे ही अक्षरं रोजच्या हाकेसाठी कधीच नव्हती. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल तेव्हा अक्षराचं नाव आधी सांगू दे, मग व्यवहारातलं. सासूबाईंना हे शास्त्राच्या आधारानं सांगितलंत तर त्या ऐकतील, असा माझा अनुभव आहे.

आता उच्चार. इथे तुमचं गाव कोणतं यावर सगळं अवलंबून आहे. लंडनमध्ये चालणारं नाव आइंडहोव्हनमध्ये अडखळू शकतं. डच वाचताना रोमन 'जी'चा उच्चार घशातून, आपल्या ख-च्या जवळ होतो. 'जे'चा य होतो आणि 'व्ही' फ-कडे झुकतो. म्हणजे गौतमीचं 'खौतामी', जिजाचं 'यीया' आणि वेणूचं 'फेनू' होण्याची शक्यता धरा. जुईचं स्पेलिंग तिथे निराळाच स्वर होऊन बसेल. राम हे एवढं सोपं नाव, पण डचमध्ये त्याच स्पेलिंगचा अर्थ मेंढा, आणि एक 'ए' वाढवला तर खिडकी. म्हणून मी सांगते ती चाचणी साधी आहे. तीन-चार नावं रोमन अक्षरांत कागदावर लिहा आणि डच सहकाऱ्याला, आधी काहीही न सांगता, मोठ्यानं वाचायला द्या. जे ऐकू येईल ते तुमच्या मुलाला शाळेत रोज ऐकू येणार आहे. मग सिन्नरच्या आजीला फोनवर तेच नाव हाक मारून म्हणायला सांगा. दोन्ही ऐकून मनाला टोचत नसेल तर नाव चालेल.

चुकीचा उच्चार झाला म्हणून नाव बाद, असं मी मानत नाही. तंजावरच्या भोसले राजांचं नाव कुठे 'शरभोजी' तर कुठे 'सरफोजी' असं लिहिलं गेलं, म्हणून त्यांचा वारसा कमी झाला नाही. कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंनी, सॅम्युएलचं समाजी आणि इझेकिएलचं हसाजी केलं. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर हे त्यांच्यातलेच. प्रश्न एवढाच की शाळेतलं ते दुसरं रूप तुम्हाला सहन होईल का. 'खौतामी' ऐकून दरवेळी तुमच्या कपाळावर आठी येणार असेल तर मूल ते नाव लाजत लाजत सांगायला शिकेल. मग ते कागदावर दुसरं नाव म्हणून ठेवा. डच लोकांतही कागदावरची दोन-तीन नावं आणि हाकेचं निराळं नाव अशी जुनी पद्धत आहे, त्यामुळे 'शांता गोदावरी' असं जोडनाव तिथे कोणाला विचित्र वाटणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नेदरलँड्समध्ये जन्म झाल्यापासून तीन दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते आणि ती करतानाच नाव द्यावं लागतं. आपलं बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे तुमच्या बाबतीत नाव आधीच पक्कं हवं. जन्माआधी बाळासाठी काही करू नये असं घरी मानत असतील तर त्यांना सांगा की यादी करणं म्हणजे नाव ठेवणं नव्हे. नाव बाराव्या दिवशी पाळण्यातच ठेवलं जाईल. तुम्ही दोघं भारतीय नागरिक असाल तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीतही जन्मनोंद करावी लागेल, आणि तिथलं स्पेलिंग डच दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. गोदावरी 'व्ही'नं लिहायचं की 'डब्ल्यू'नं, हे नगरपालिकेच्या खिडकीसमोर उभं राहून ठरवू नका.

एक लहान गोष्ट राहिली. वडीलधाऱ्याचं नाव ठेवलेलं मूल घरात बिननावाचं राहतं, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, म्हणून मुलाला जन्मभर 'बाळ' किंवा 'अण्णा'; आजोबांचं नाव असलेल्या नातवाला आजी रागावूही शकत नाही. तुमच्या घरी असं होणार असेल तर आधीच बोलून घ्या. आईनं मोकळेपणी हाक मारली नाही तर ते नाव दाखल्यापुरतंच उरेल.

तर तुमच्यासाठी क्रम असा: या आठवड्यात फोन, पुढच्या आठवड्यात सिन्नरच्या कोणाकडून तरी तहसील कचेरीत अर्ज, महिनाअखेर डच सहकाऱ्याकडून वाचन, मग दोघांनी बसून मुलीसाठी एक आणि मुलासाठी एक नाव नक्की करायचं. मुलगी झाली तर माझं मत 'शांता' या हाकेच्या नावाला आणि गोदावरीला मागच्या जागेला. मुलाच्या बाबतीत धोंडीराम हे नाव का पडलं ते कळेपर्यंत मी मत देणार नाही.

फोन आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला करा, मग ती नात्यानं कितीही लांबची असो. गोदावरीबाईंचं माहेर कुठलं ते कळलं की गाव आणि तालुका इथे लिहा. नाशिक जिल्ह्यातलं असेल तर कोणत्या नोंदी आधी बघायच्या ते सांगते.